न्यायाधीशाची पावले

अनुवादकाने दार ढकलले आणि तो सरळ वाळवंटात शिरला.

निदान पुढे त्याला तसे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती एक अंधारी, लांबट खोली होती. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या होत्या आणि जमिनीत उथळ हौदांसारखे चौकोन केलेले होते; एकात वाळू, एकात खडी, एकात जुन्या फळ्या, एकात सुकलेला पाला. वाळूच्या चौकोनात एक तरुणी उभी होती. पायांत गुडघ्यापर्यंतचे पुरुषी बूट, केस वर गुंडाळून पेन्सिलीने अडकवलेले, नजर समोरच्या पडद्यावर खिळलेली. पडद्यावर रुंद टोपी घातलेला एक उंच, सडपातळ माणूस भर उन्हात चालत होता. आणि ही जागच्या जागी, त्याच्या प्रत्येक पावलासरशी आपले पाऊल वाळूत दाबत होती... इतके बेमालूम, की तो माणूस हिच्याच पायांनी चालतो आहे असे क्षणभर अनुवादकाला वाटले.

"क्षमा करा," तो म्हणाला, "संवादांचं ध्वनिमुद्रण कुठल्या खोलीत—"

तरुणी थांबली. पडद्यावरचा माणूस मात्र तसाच चालत राहिला. आता मुका, भुतासारखा.

"बाहेर लाल दिवा होता," ती मागे न वळता म्हणाली.

"होता. परंतु लाल दिवा म्हणजे 'आत येऊ नका', असं त्याखाली कुठं लिहिलेलं नाही."

आता मात्र ती वळली. रागावलेली दिसावी असा तिचा प्रयत्न होता, पण डोळे साथ देत नव्हते. "चार कोसांत माणूस नाही, पाण्याचा थेंब नाही... आणि तेवढ्यात दार करकरतं आणि कुणीतरी 'क्षमा करा' म्हणतं. मामा, हे ठेवायचं का चित्रपटात?"

खोलीच्या टोकाला काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाचा आवाज आला, "नको गं. माणूस फार शुद्ध बोलतोय. दरोडेखोरांच्या मुलखात टिकायचा नाही."

त्या इमारतीत अनुवादकाचा प्रवेश झाला तो असा. ध्वनिमुद्रक हे त्या तरुणीचे सख्खे मामा. सगळी इमारत त्यांना मामाच म्हणे. तिला सगळे 'टापा' म्हणत, कारण घोडा, खेचर, बैल यांपैकी कोणतेही जनावर पडद्यावरून दौडत गेले तरी त्याच्या टापा हिच्या दोन हातांतल्या लाकडी वाट्यांतून निघत. अनुवादकाचे नामकरण त्याच दुपारी झाले. तो 'महाशय' झाला, आणि त्याने हे नाव विनातक्रार स्वीकारले. कारण ते त्याला चुकीचे वाटले नाही.

त्याची वाक्ये लांब असत. त्यांना दालने असत, जिने असत, आणि क्रियापदापर्यंत पोहोचता पोहोचता ऐकणाऱ्याला दम लागे. जुन्या, घोटीव गद्यावर त्याचे इतके प्रेम होते की भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही त्याच्या तोंडून 'तथापि' निघून जाई. असा माणूस चित्रपटांचे संवाद लिहून पोट भरीत होता, ही नियतीची थट्टा म्हणायची. पडद्यावरचे ओठ मिटले की वाक्यही मिटले पाहिजे हा या धंद्याचा पहिला नियम, आणि महाशयांचे वाक्य खरे रंगात येई ते ओठ मिटल्यावरच.

या वेळचे काम एका जुन्या, हलक्याफुलक्या घोडेस्वारी चित्रपटाचे होते. एका वाहिनीला तो आपल्या भाषेत दाखवायचा होता. मूळ चित्रफितीत माणसांचे बोलणे आणि बाकीचे सगळे आवाज एकाच पट्टीवर होते. त्यामुळे परके संवाद काढून टाकले की त्यांच्याबरोबर वारा, दारे, पावले, सगळेच नाहीसे होई. म्हणून नवे संवाद महाशयांनी लिहायचे आणि नवा वारा, नवी दारे, नवी पावले टापाने करायची, अशी वाटणी होती.

गोष्ट साधी होती. गावोगाव फिरून न्याय देणारा एक न्यायाधीश. त्याचा घोडा पहिल्याच गोळीला बुजून पळून जातो. एक खेचरवाली बाई; तिच्यावर खेचर चोरल्याचा आरोप. खटला दूरच्या गावी चालायचा आणि शिपायाची कंबर नेमकी तेव्हाच धरलेली. म्हणून न्यायाधीश स्वतःच तिला घेऊन निघतो. पण वाट त्याला ठाऊक नाही, तिला ठाऊक आहे. म्हणजे कैदी पुढे खेचरावर, आणि न्यायाधीश मागून पायी. रोज संध्याकाळी शेकोटीशी बसून ती, हे खेचर आपल्याकडे कसे आले त्याची हकीकत सांगते, आणि रोजची हकीकत निराळी असते. न्यायाधीश निःपक्षपाती, तेव्हा त्याला प्रत्येक हकीकत अर्धीअर्धी खरी मानावी लागते.

महाशयांना हा चित्रपट मुळीच आवडला नाही, आणि न आवडलेली गोष्ट मनात ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

हे बोलण्याची संधी त्यांना पावसाने दिली. इमारत पूर्वी गोदाम होती आणि पावलांच्या खोलीवर पत्र्याचे छप्पर होते. सर आली की पत्रा ताशासारखा वाजू लागे आणि सगळे काम ठप्प होई. मामा काचेवर टिचकी मारून जाहीर करीत, "पावसामुळे वाळवंट बंद." मग टापा वाळूच्या कडेला पाय सोडून बसे, जोड्यांतली वाळू झटकी, आणि महाशय शेजारच्या खोलीतून आपले कागद घेऊन येत; संवाद आणि पावले कुठे एकमेकांवर येतात ते पाहण्यासाठी, असे कारण ते प्रत्येक वेळी सांगत. दुसऱ्या सरीपासून ते कुणी विचारेनासे झाले.

या चित्रपटात गोळ्या सुटतात पण कुणी मरत नाही, हा त्यांचा पहिला आक्षेप. इतक्या धुळीच्या मुलखात नायिकेची कॉलर कायम पांढरी, हा दुसरा. तिसरा आक्षेप त्यांनी उभे राहून मांडला.

"ही दोघं एकमेकांना शोभत नाहीत. तो सत्यवचनी, ती दर संध्याकाळी नवं खोटं रचणारी. अनुरूपता ही प्रेमकथेची पहिली अट आहे. इथं ती अटच पाळलेली नाही."

टापाने कोपऱ्यातल्या ढिगातून दोन जोडे उचलले आणि त्यांच्यासमोर ठेवले. दोन्ही एकाच रंगाचे, एकाच मापाचे, नव्यासारखे चकचकीत.

"हे बघा. अगदी अनुरूप. घाला बरं पायांत."

महाशयांनी पाहिले, दोन्ही डाव्या पायाचे होते.

"दोघं सारखीच असती, तर एवढ्या वाटेत बोलली काय असती?" ती म्हणाली. "त्याला वाटतं, खरं एकच असतं. तिला वाटतं, खरं रोज थोडं बदलावं, नाहीतर त्याला वास येतो. मला तर कोण मरतं याची फिकीरच नसते हो. उद्या संध्याकाळी ही काय सांगणार आणि हा कसं तोंड करणार, तेवढ्यासाठी मी वाळू तुडवते."

महाशयांकडे याला उत्तर होते, पण ते त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी सुचले. ते त्यांनी तत्परतेने येऊन दिले. तिने ते पूर्ण ऐकून घेतले, आणि त्यातल्या दोन मुद्द्यांना मान देऊन तिसरा उडवून लावला. महाशय पुन्हा गेले, पुन्हा आले... आणि असे चालता चालता एके दिवशी एक विपरीत गोष्ट घडली. खेचर आपल्या मागोमाग स्वतःहून आले, आपण तर त्याला घरी जा म्हणून तीनदा विनवले, असे ती बाई पडद्यावर शपथेवर सांगत असताना महाशय एकटेच मोठ्याने हसले. मागे वळून पाहतात तो दारात टापा उभी. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, जिंकलेला माणूस सभ्यपणाने मिटतो तसे, आणि निघून गेली. महाशयांना त्या दिवशी एकही संवाद ओठांवर बसवता आला नाही.

मग ती बातमी आली. दुसऱ्या एका शहरात, आगगाडीने एक दिवसाच्या अंतरावर, मोठ्या शब्दकोशाचे काम चालले होते. तिथल्या संपादकांत आपल्याला जागा मिळावी ही महाशयांची जुनी, बाजारात तुरी म्हणून सोडून दिलेली इच्छा होती. ती आता पुरी झाली. पावसाची सर आली तशी ते घाईने पावलांच्या खोलीत गेले आणि त्यांनी टापाला ही गोष्ट सांगितली. ही बातमी आपण सर्वांत आधी, घरी थोरल्या बहिणीला, ताईलाही न सांगता, हिला का सांगतो आहोत, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

ती न्यायाधीशाचे बूट पुसत होती. "कधी जायचंय?"

"हा चित्रपट संपला की."

"छान. तुमचं तिथंच सोनं होईल." ती क्षणभर थांबली. "मग शेवटचं रीळ लवकर उरकायला हवं."

एवढेच. वाद नाही, टोमणा नाही. ती बूट पुसत राहिली. आधीच स्वच्छ असलेला बूट, त्याच जागी, पाऊस थांबेपर्यंत. किती कष्टाळू आहे ही, असे महाशयांच्या मनात आले, आणि आपल्याला एवढे रिकामे रिकामे का वाटते आहे हे न कळून ते आपल्या खोलीत परतले.

शेवटचे रीळ तयार झाले तेव्हा ते पाहायला वाहिनीकडून एक बाई आल्या. काळ्या काठाचा चष्मा, कमी बोलणाऱ्या, हातात पेन. मामांनी दिवे मालवले. न्यायालयाचा लांब, लाकडी फळ्यांचा बोळ पडद्यावर आला. बोळाच्या टोकाच्या खोलीत ती खेचरवाली बसली आहे, आणि न्यायाधीश तिला निकाल सांगायला निघाला आहे. निकाल असा, की हा खटला तो चालवू शकत नाही. कारण तो आता निःपक्षपाती राहिलेला नाही. या एका वाक्यासाठी महाशयांनी रक्त आटवले होते. पण त्या वाक्याआधी तो नुसता चालतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. पाय दिसत नाहीत. ऐकू येतात फक्त पावले.

दिवे लागले. बाईंनी चष्मा काढून पुसला. "मला तर काही बदलावंसं वाटत नाही," त्या म्हणाल्या.

"बाकी सर्व उत्तम आहे," महाशय म्हणाले, "तथापि ही पावलं चुकली आहेत."

मामांनी एकदम खोकायला सुरुवात केली.

"हा मनुष्य सरळमार्गी आहे," महाशय पुढे म्हणाले. बोलण्याची सर सुरू झाली होती आणि तिला थांबवणारे कुणी नव्हते. "सबंध चित्रपटभर तो एका लयीत चालतो. आणि इथं एकाएकी? चार पावलं भराभर, मग एक रेंगाळलेलं, उजवी टाच किंचित घासत, पुन्हा भराभर, आणि दारापाशी आल्यावर एक पाऊल उचललेलं ते टेकतच नाही. हा न्यायाधीश नव्हे. हा घराची किल्ली विसरलेला कुणीतरी आहे."

मामा छताकडे पाहू लागले. बाई टापाकडे पाहू लागल्या. टापा स्वतःच्या हातांकडे पाहत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "परत करते."

ती वाद न घालता कबूल झाली, याचे महाशयांना आश्चर्य वाटायला हवे होते. त्यांना वाटले, आपला मुद्दाच बिनतोड होता.

संध्याकाळी घरी ताई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. थोरली बहीण; आई-वडिलांमागे त्या घरात महाशयांना रागावण्याचा अधिकार असलेली एकमेव व्यक्ती. महाशयांनी चहाचा पेला हातात घेऊन तिला आपला दिवसाचा पराक्रम सांगितला, आणि पावलांचे वर्णन केले ते शब्दांत एकही ढिला टाका न ठेवता.

ताईचा हात शेंगेवर थांबला. "पुन्हा सांग बरं."

त्यांनी पुन्हा सांगितले. टाच, रेंगाळणे, दारापाशी अधांतरी राहिलेले पाऊल.

ताई आधी ओठांत हसली, मग तिला आवरेना. मांडीवरचे वाटाणे घरंगळून जमिनीवर गेले. "अरे गाढवा, हे तर तुझं चालणं. मी पाठमोरी असले तरी मला कळतं तू आलास ते. आई तर म्हणायची, याच्या उजव्या बुटाची टाच नेमानं तिरकी झिजते."

असे असणे शक्य नाही, असे महाशयांनी सप्रमाण सांगायला घेतले. ताईने फक्त दाराकडे बोट दाखवले. महाशय उठले, दाराशी काढून ठेवलेला आपला उजवा बूट त्यांनी उचलला आणि उलटा केला. टाच तिरकी झिजलेली होती. डाव्याची सरळ होती. ते तसेच, बूट हातात घेऊन, उंबऱ्यावर उभे राहिले.

ताईचे हसू ओसरले. वाटाणे वेचता वेचता ती हळूच म्हणाली, "किती लक्ष देऊन ऐकलं असेल रे तिनं तुला... आणि तू चारचौघांत म्हणालास, चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होते. महाशय इमारतीत पोहोचले तेव्हा लाल दिवा बंद होता आणि टापा वाळू सारखी करत होती. तिने मान वर केली, खाली घातली.

"झालं तुमचं काम," ती म्हणाली. "सकाळीच केलं. एका लयीत. जुनं पुसलं."

"पुसलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, चुकलंय."

रात्रभर जुळवलेले एक वाक्य महाशयांच्या खिशात असल्यासारखे तयार होते. उघडून पाहतात तो त्यातून फक्त एवढेच निघाले: "मला ताईनं सांगितलं."

ती वाळू सारखी करायची थांबली. "काय सांगितलं?"

"की मी... की ती पावलं..." त्यांनी आपल्या उजव्या बुटाकडे पाहिले. "मला माझं चालणं कधी ऐकूच आलं नव्हतं."

"कुणालाच येत नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "मी ठरवून नव्हतं केलं. बूट घातले, त्याचा चेहरा पाहिला, आणि पाय तसे पडले. मामानं ऐकून नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हाच पुसायला हवं होतं."

महाशय पुढे काही बोलणार तोच वाहिनीच्या बाई आल्या. मामांनी नवे रीळ लावले. न्यायाधीश बोळातून चालला, ठक, ठक, ठक, ठक, निर्दोष. चित्र संपल्यावर बाईंनी पेन खाली ठेवले.

"कालचं कुठं गेलं?" त्यांनी विचारले. "काल हा माणूस आत जायला भीत होता. मी घरी जाताना वाटेत उगाच हसत होते. आज हा विजेचं बिल भरायला निघालाय. मला कालचं द्या."

मामांनी महाशयांकडे असे पाहिले की कुठल्याही शब्दकोशात त्याचा अर्थ मिळाला नसता.

टापाने बूट चढवले, फळ्यांवर उभी राहिली, चार पावले टाकून थांबली. पुन्हा टाकली, पुन्हा थांबली. "नाही होत," ती म्हणाली. "काल नकळत झालं होतं. ठरवून करायचं तर बघूनच करावं लागेल." आणि कुणाकडेही न पाहता, "महाशय, बाहेरच्या बोळातून जरा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवता?"

महाशय चालू लागले. आजवर न चुकता चालणारा तो मनुष्य त्या सकाळी चालणे विसरला. उजवा हात उजव्या पायाबरोबर पुढे येऊ लागला. टाच घासायची म्हणून त्यांनी ती घासली, तर जोडाच निसटला. दारात उभ्या राहिलेल्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

"राहू द्या," टापा म्हणाली. ती चौकटीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घातली. "एक विचारायचं राहिलंच होतं. शब्दकोशाचं काम म्हणजे नक्की काय हो? मेलेल्या शब्दांची जनगणना?"

महाशय गर्रकन वळले. शब्द मरत नसतात, असे ते म्हणाले. आणि ते सिद्ध करण्यासाठी बोळाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. शब्द जगतो तो तोंडात, कपाटात नाही, असे तिचे म्हणणे पडले. हा ऐकीव युक्तिवाद आहे, असे सांगत ते पुन्हा गेले. त्यांचा आवाज चढला, हात हलू लागले, पाय आपोआप त्यांच्यामागून येऊ लागले. ती तेल ओतत राहिली. तुम्हाला 'तथापि'वाचून करमत नाही म्हणून तुम्ही तिकडे निघालात, असेही म्हणाली.

"आणि तिथं तुमच्याशी वाद कोण घालणार?"

"तिथं विद्वान मंडळी आहेत."

"विद्वान मंडळी वाद घालत नाहीत. टिपणं पाठवतात."

"म्हणजे मी जाऊ नये, असं तुमचं मत आहे?"

"मी कुठं म्हटलं? तुम्ही जायलाच हवं. कुणी आपल्यासाठी काही सोडलं की जन्मभर ते ऐकवतं, आणि माझा कान फार तिखट आहे."

"मग त्या दिवशी 'वाईट वाटतं' एवढं तरी म्हणायचं होतं."

"त्या दिवशी एकच बूट अर्धा तास पुसत होते," ती म्हणाली, "तेव्हा मी काय करत होते असं वाटलं तुम्हाला?"

महाशय बोळाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते परत फिरले. चार पावले भराभर आली, एक रेंगाळले, पुन्हा भराभर. आणि ते तिच्या दारापाशी येऊन थांबले. जुळवलेले वाक्य त्यांच्याजवळ नव्हते. असते तर त्यांनी ते टाकून दिले असते.

"मला जायचंय," ते म्हणाले. "आणि तुम्हाला सोडून जायचं नाही. ही दोन वाक्यं एकत्र बसत नाहीत... मी फार प्रयत्न केला. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

टापा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. ती त्यांच्या उजव्या पायाकडे पाहत होती.

"हलू नका," ती पुटपुटली. आणि मग, "एक मिनिट थांबा." ती आत गेली. बाई तिच्यामागून गेल्या. दार बंद झाले, आणि लाल दिवा लागला.

महाशय बोळात उभे राहिले. त्या दिव्याचा अर्थ आता त्यांना चांगला ठाऊक होता. आतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. खोली तशीच बांधलेली होती. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले की आपण मघापासून चालत होतो. किंबहुना आपल्याला चालवून घेतले गेले. वाद हा सापळा होता, आणि सावज आपण स्वतः. हे लक्षात येताच त्यांनी मघाचा वाद पहिल्यापासून आठवायला घेतला. शब्दकोश, विद्वान मंडळी, तो पुसलेला बूट... यांतले खरे किती आणि पावलांसाठी किती? निःपक्षपातीपणे पाहता अर्धे अर्धे मानायला हवे होते. त्यांना ते जमेना. त्यांना सगळेच खरे हवे होते. आणि लाल दिवा असेपर्यंत विचारायची सोय नव्हती. बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेला तो मनुष्य बंद दारासमोर तोंड मिटून, परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा उभा राहिला.

दिवा गेला. दार उघडले. आधी बाई बाहेर आल्या. चष्म्याआड डोळे ओले, आणि तोंडभर हसू. महाशयांना नमस्कार करून त्या जिन्याकडे गेल्या. मागून टापा आली. तिच्या पायांत न्यायाधीशाचे बूट नव्हते. साध्या, बोटांशी फिकट झालेल्या चपला होत्या. महाशयांनी तिला स्वतःच्या पादत्राणांत प्रथमच पाहिले, आणि ती एकदम बुटकी, एकदम जवळची वाटली.

"आधी ते करून घेतलं. पायांतून गेलं असतं," ती म्हणाली. "आणि दुसऱ्याचे बूट घालून तुम्हाला उत्तर द्यायचं नव्हतं."

"मघाचं सगळं... पावलांसाठी होतं?"

"पहिलं वाक्य पावलांसाठी. पुढची माझी." तिने केसांतली पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "तुम्ही आता विचारा. परत."

त्यांनी परत विचारले. या वेळी वाक्य आणखी लहान झाले.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही आधी जा. असलेच घोड्या-खेचरांचे दोन चित्रपट इथं पडलेत, ते संपवते नि मी येते. जोड्यांच्या पेट्या भरायला वेळ लागेल, मामाची समजूत काढायला त्याहून जास्त. पावलं काय, तिथंही चालत असतीलच माणसं."

काचेपलीकडून मामांचा आवाज आला, की मामाची समजूत केव्हाच निघालेली आहे, आणि तुम्ही दोघे खाली चहाला गेलात तर त्याला जेवता येईल.

दोघे जिना उतरू लागले. पहिल्या वळणावर महाशयांना तिच्या बेतातली एक त्रुटी दिसली. मोठी नव्हे, पण त्रुटीच. असल्या क्षणी ती सांगावी की नाही, या विचारात ते दुसऱ्या वळणापर्यंत गप्प राहिले. टापा एक पायरी पुढे होती. ती कठड्याला हात लावून थांबली आणि मागे वळून त्यांच्याकडे पाहत राहिली.

"बोला," ती म्हणाली, "मी वाट बघतेय."